पूर्ण वाक्याशिवाय पाणी नाही

देवसिंग नाईक तांडा, पोस्ट नेर
२० जून १९६१

चि. यज्ञेश्वर यास आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. एक कार्ड सोडले तर तीन वर्षांतले पहिले. ‘शोभा बोलत नाही. डॉक्टर झाले. गणपतीनंतर नागपूरचे वसतिगृह. घर चालत नाही. तू ये.’ तार करायची होती तर तार करायचीस, पत्रात जागा पुष्कळ असते. फाल्गुनात कमलिनी गेल्याचे कार्डही असेच होते, आणि ते माझ्या हातात पडले तेराव्यानंतर. त्याबद्दल आज लिहीत नाही.

मी येणार नाही. ही एकाच शिक्षिकेची शाळा आहे. मी निघाले की दाराला कुलूप लागेल आणि मुले पुन्हा गुरांमागे जातील. यवतमाळची मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडून सख्खी बहीण बंजाऱ्यांच्या तांड्यात जाऊन बसली, म्हणून कोर्टात तुझी मान खाली गेली, हे तू तेव्हा मोठ्या आवाजात सांगितले होतेस. मान आता कुठवर आली आहे ते ठाऊक नाही. मी मात्र इथेच आहे.

तू ‘ये’ म्हणतोस, मी ‘पाठव’ म्हणते. गणपतीनंतर शोभाला नागपूरच्या वसतिगृहात ठेवायचे तू ठरवले आहेस. कमलिनीची सात वर्षांची मुलगी, आई गेल्यापासून तोंडातून शब्द नाही, आणि तिला तू अनोळखी मुलींनी भरलेल्या खोलीत नेऊन सोडणार. तोवर ती माझ्याकडे राहू दे. गणपतीपर्यंत बोलली नाही तर खुशाल नागपूरला ने. मी एक अक्षर काढणार नाही.

सोबत छत्री दे. बूट देऊ नकोस, इथल्या चिखलात ते राहायचे नाहीत.

तुझी
ताई

९ जुलै १९६१

चि. यज्ञेश्वर,

शोभा सुखरूप पोचली. नेरपर्यंत बस आणि पुढे लखीरामची बैलगाडी. तुझे मुनशी नंदकिशोर तिला उतरवून, रुमालाने बूट पुसत, चहा न घेताच परतले. तांड्यातले पाणी त्यांना चालत नसावे. मुलीला चालते.

शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली, दार उगवतीकडे. सकाळी बायका पाण्याला निघतात तेव्हा त्यांच्या ओढण्यांवरच्या आरशांचे कवडसे आत येतात आणि फळ्यावरून, मुलांच्या कपाळांवरून, माझ्या हातावरून सावकाश पोहत जातात. पहिल्या वर्षी मी दार लावून घेत असे. आता घेत नाही. तेवढा वेळ वर्ग आपोआप गप्प होतो आणि आपण सगळे एखाद्या स्वच्छ डोहाच्या तळाशी बसलो आहोत असे वाटते. शोभा एका कवडशामागे बोट फिरवत होती. कवडसा छपरात गेला तरी बोट तसेच वर होते. मी हटकले नाही.

तू विचारणार नाहीस, तरी सांगते. पहिली-दुसरीला वाक्य शिकवताना मी तीन पाट मांडते. पहिला ‘कोण’, दुसरा ‘काय’, तिसरा ‘काय केले’. धनसिंगला नेहमी ‘कोण’वर बसायचे असते. काल रुपी चिंच होऊन ‘काय’वर बसली. ‘काय केले’च्या पाटावर जमनी, ती बसत नाहीच, उड्या मारते. ‘धनसिंगने चिंच खाल्ली’ असे सगळ्यांनी म्हटले, तशी रुपीने भोकाड पसरले. तिला कोणी खाऊ नये म्हणून पुढचे वाक्य ‘धनसिंगने चिंच झाडावर ठेवली’ असे करावे लागले. मग ती डोळे पुसून झाडावर बसली.

शाळेचा एक नियम: पूर्ण वाक्याशिवाय पाणी नाही. ही मुले घरी आपली गोरबोली बोलतात, बाजारात वऱ्हाडी, आणि शाळेत एकेक शब्द दगडासारखा फेकतात.

“पानी!” धनसिंग.

“पाण्याचे काय झाले?”

“पानी मडक्यात हाय.”

“मग?”

“मडकं तुमच्या मांगं हाय.”

“मग?”

“मंग तुमी बाजूले व्हा नं, बाई!”

तिन्ही वाक्ये पूर्ण होती. मी बाजूला झाले.

शोभाला नियमातून सूट दिली नाही. पाटीवर लिहून मागितले तरी चालेल, असे सांगितले. तिने लिहिले नाही. दुपारपर्यंत मडक्याकडे बघत राहिली. मी पाढे घेत राहिले. माझ्या मनात काय चालले होते तो या पत्राचा विषय नाही. शेवटी जमनी उठली. ही तांड्यातल्या मानीबाईची मुलगी, शोभाच्याच वयाची. हात मागे बांधून म्हणाली, “बाई, शोभाला तहान लागली आहे.”

नियमात बसत होते. पाणी दिले.

तेव्हापासून जमनी दोघींचे बोलते. ‘बाई, शोभाला फुटकी पाटी नको आहे.’ ‘बाई, शोभाला तुमच्या हातची भाजी आवडत नाही.’ हे तिला कसे कळते, कोण जाणे. भाजीचे खरे असावे.

ताई

२३ जुलै १९६१

चि. यज्ञेश्वर,

तुझे कार्ड आले. ‘प्रगती?’ प्रश्नचिन्ह तेवढे सुरेख काढले आहेस. प्रगती नाही. शाळाच बंद पडायच्या बेतात आहे.

जमनीची आई मानीबाई महिनाभर ढाणकीकडे, माहेरी होती. गुरुवारी परत आली आणि शाळा सुटायच्या वेळी दारात उभी राहिली. शोभाची हकिगत जमनीने तिला सांगितली असणार. आत आली ती थेट खाली बसली, शोभाला ओढून जवळ घेतले, दोघींच्या डोक्यांवरून आपली ओढणी टाकली आणि मोठ्याने रडू लागली. रडणे म्हणजे आपल्यासारखे नव्हे. लांब, उंच सुरात, मध्ये शब्द, पुन्हा सूर. कमलिनीला जिने जन्मात पाहिले नाही ती बाई तिच्यासाठी घर हलेल असे रडत होती. ओढणीखालून शोभाचे फक्त पाय दिसत होते, काठीसारखे ताठ झालेले.

मी तिला ओढून बाहेर काढले. म्हटले, “मुलीला घाबरवू नका. इथे रडायचे नाही. ही शाळा आहे.”

मानीबाईचा सूर मध्येच तुटला. तिने तोंड पुसले, माझ्याकडे पाहिले, जमनीचा हात धरला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी एकही मुलगी शाळेत आली नाही. मुलगेही नाहीत. एकटा धनसिंग आला, पुढे काय होते ते बघायला.

“बाई, तुमी मानीकाकीचं रडनं तोडलं. आता कोनी येत नाही. मी एकटा ‘कोण’ होऊ, का ‘काय’ होऊ, का ‘काय केलं’ होऊ?”

काल संध्याकाळी देवसिंग नाईक आले. ते तांड्याचे मुख्य, सत्तरीचे गृहस्थ. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या एका शब्दावर ही शाळा उभी राहिली आणि एका शब्दावर बंदही होईल. ते ओट्यावर बसले, पागोटे मांडीवर ठेवले.

“बाई, तुमी शिकेल बाई आहा. तुमाले कोन सांगन? आमच्यात पाहुनी आली का पह्यले गळ्यात पडून रडतेत. तिच्या घरी कोन मेलं, आपल्या घरी कोन मेलं, सारं त्या रडन्यातच सांगतेत. मंग पानी देतेत. तुमी मधातच तोडलं. दुख अर्धं रायलं. ते अर्धं आता मानीच्या आंगावर हाय. ती दोन दिवस जेवली नाही.”

मी म्हटले, मुलगी घाबरली होती.

“घाबरनारच. तिच्या घरी कोनी रडलंच नसन.” मग पागोटे डोक्यावर ठेवत म्हणाले, “तुमच्या शाळेत पुरं बोलल्याबिगर पानी नाही. आमच्या तांड्यात पुरं रडल्याबिगर पानी नाही. काय वंगाळ हाय?”

याचे उत्तर मी तुझ्यावर सोडते. तुला सुचले तर कळव, तू वकील आहेस.

काल धनसिंगही आला नाही. वर्गात आता शोभा आणि मी. तिन्ही पाट रिकामे. सकाळचे कवडसेही आले नाहीत, बायका पलीकडच्या वाटेने पाण्याला गेल्या.

ताई

१ ऑगस्ट १९६१

चि. यज्ञेश्वर,

शोभाला घेऊन मानीबाईच्या घरी गेले होते.

ती दारात धान पाखडत होती. वर न पाहता म्हणाली, “या बाई. पुऱ्या वाक्यात बोला, नाही तं उंबऱ्यातच उभ्या रहा.”

मी म्हटले, “मानीबाई, मी तुमचे रडणे मध्येच तोडले. ते तुम्ही पुरे करावे, अशी विनंती करायला आले आहे.”

“लई मोठं वाक्य केलं.” तिने सूप खाली ठेवले. “पन ते असं मधातून धरता येत नाही. पह्यल्यापासून करा लागते. त्या दिवशी मले काई मालूमच नोतं, म्हनून पोरीच्या आंगाले ते लागलं नाही. सांगा, कशी होती तिची याडी?”

याडी म्हणजे आई.

मी काय सांगणार? तू तीन वर्षे तुझ्या घराचे दार मला बंद केलेले. तरी सांगायला बसले आणि निघत गेले. तिचे केस गुडघ्यापर्यंत यायचे. ती गाणे म्हणत नसे, पण जाते थांबले की थोडा वेळ गुणगुणे. आणि दर संक्रांतीला मला इथे तिळाच्या वड्यांचा डबा यायचा, पोस्टाने, कापडात शिवलेला. आत चिठ्ठी नसायची. टाके तिच्या हातचे असायचे, बारीक, एकसारखे. तुला हे माहीत नसेल. आता माहीत होऊ दे.

मानीबाईने ते सगळे ऐकून घेतले. मग शोभाला आणि मला दोघींना ओढणीखाली घेतले आणि सूर लावला. तिची बोली मला सगळी समजत नाही. पण ‘तीळ’ समजला, ‘टाका’ समजला, ‘याडी, ओ याडी’ समजले. ओढणीच्या आत अंधार, त्यात आरशांच्या फटींतून आलेले उजेडाचे ठिपके, धुराचा आणि ओल्या मातीचा वास. त्या सुरात कमलिनी एकेक पाऊल टाकत आत आली. केस मोकळे, हातात डबा. बराच वेळ बसली. मी बी.ए. झालेली बाई आहे, मला भास होत नाहीत. तरी बसली.

शोभा रडली नाही. पण ताठही झाली नाही. तिने ओढणीचा एक आरसा मुठीत धरून ठेवला होता. मला चष्मा दोनदा पुसावा लागला. पावसाळी हवेत काचा धुरकटतात.

नंतर मानीबाईने पाणी दिले. आधी शोभाला, मग मला. म्हणाली, “आता तुमी आमच्या झाल्या. भाजी मी पाठवीन, तुमची पोरीले आवडत नाही म्हने.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरला होता.

ताई

३१ ऑगस्ट १९६१

चि. यज्ञेश्वर,

वसतिगृहाचे पैसे भरलेस, असे लिहितोस. भर. गणपतीला अजून तेरा दिवस आहेत.

इथे तीज बसली आहे. राखी पौर्णिमेला तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली वारुळाची माती टोपल्यांत भरून गहू पेरतात, नाईकांच्या दारापुढच्या मांडवावर टोपल्या ठेवतात आणि गोकुळाष्टमी होईपर्यंत रोज गाणी म्हणत पाणी घालतात. लग्न झालेल्या बाईने टोपलीला हात लावायचा नाही. मी नियम समजावून घेत होते, तेवढ्यात जमनीने विचारले, “बाई, तुमचं लगन झालं का?”

“नाही.”

“मंग तुमची टोपली कुठं हाय?”

मी एक्कावन्न वर्षांची आहे, असे सांगितले. मुलींनी नाईकांकडे धाव घेतली. नाईकांनी विचार करून निकाल दिला की नियमात वयाचा उल्लेख नाही. तर आता मांडवावर माझीही टोपली आहे. शोभाच्या शेजारी. हे कोर्टात सांगितलेस तरी चालेल.

पेरण्याआधी भिजवलेले हरभरे बोरीच्या काट्यांवर टोचायचे असतात. मुली टोचत असताना मुलगे फांदी गदागदा हलवतात. टोचणारीने रागवायचे नाही, रागावली की पुन्हा पहिल्यापासून. धनसिंगने आयुष्यात अशी संधी पाहिली नव्हती. माझी फांदी त्याने अशी हलवली की तीन हरभरे माझ्या चष्म्यावर आले.

“बाई, रागावल्या का?”

“नाही.”

“थोडं?”

“धनसिंग, मी मुळीच रागावलेली नाही.”

“मंग तुमचं नाक काहून लाल झालं?”

तेव्हा मागून एक आवाज आला. लहानसा, गळ्यातल्या गळ्यात, भांड्यातून पाणी ओतल्यासारखा. मी वळून पाहिले नाही, वळले असते तर तो थांबला असता. शोभा हसत होती.

बोललेली नाही. जमनीच तिची गाणी म्हणते, आपले कडवे झाले की शोभाच्या वाटचे. पण पहाटे मी उठते तेव्हा तिचे अंथरूण रिकामे असते. बाहेर धुके, मांडव दिसत नाही, फक्त गाणे ऐकू येते आणि धुक्यातून घागरी हलत येतात. त्यांतली सगळ्यांत लहान घागर आपली.

गहू बोटाएवढा आला आहे. माझा जरा मागे आहे.

ताई

५ सप्टेंबर १९६१

चि. यज्ञेश्वर,

हे पत्र नीट बसून वाच. मुनशींना बाहेर पाठव.

काल तीज वाहिली. गव्हाची पाती खुडून आधी नाईकांच्या पागोट्यात खोचली, मग सगळ्या पुरुषांच्या. उरलेल्या टोपल्या घेऊन मुली ओढ्यावर गेल्या. ऊन उतरले होते, पाणी पिवळे झाले होते, दोन्ही काठांची कपाशी वाऱ्याने एकाच बाजूला झुकली होती. टोपल्या रित्या झाल्या, पाती पाण्यावर पसरून हळूहळू लांब गेली. आणि मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. हे रडणेही रीतीचेच. पुढच्या तीजेला कोणाचे लग्न होऊन कोण कुठे असेल, सांगता येत नाही. प्रत्येक मुलगी आपल्या याडीला हाक मारून आपले सांगते. मोठ्या मुली लहानींना शिकवतात, सूर कुठे लांबवायचा, श्वास कुठे घ्यायचा.

जमनीने शोभाला मिठी मारली आणि सवयीप्रमाणे तिच्यासाठीही सुरू केले, “याडी ओ, शोभाले तुई...”

शोभाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मग तिने स्वतः सूर लावला. तांड्याचाच सूर, आणि बोली आपल्या घरची. मी ओढ्याच्या काठावर उभी होते, चार हातांवर. जे ऐकले ते जसेच्या तसे लिहिते.

‘आई, मला शेजारी पाठवलं. आई, मला म्हणाले, तू मामाकडे गेली आहेस. आई, मी खिडकीत बसून तुझी वाट पाहिली. आई, त्यांच्या दाराची कडी वर होती, माझा हात पोचत नव्हता. आई, मी घरी आले तेव्हा सगळं धुतलं होतं. आई, मी विचारलं, तर बाबा म्हणाले, आता त्याबद्दल बोलायचं नाही. आई, म्हणून मी बोलले नाही.’

मानीबाई पाण्यात उतरून तिच्यापाशी गेली आणि तिला धरून बसली. मध्येच कोणी तोडले नाही. मीही नाही. सूर संपला तेव्हा ओढ्यात पाती दिसत नव्हती. शोभा वर आली, माझ्यापुढे उभी राहिली. तोंड सुजलेले, नाक वाहत होते. हात मागे बांधून म्हणाली,

“आत्या, मला तहान लागली आहे.”

मी पाणी दिले.

यज्ञेश्वर, मी तुला यात काही म्हणत नाही. ‘बोलायचे नाही’ हे आपल्या घरात तू आणलेले नाहीस. वडील गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, तुलाही शेजारी पाठवले होते. तुला तिथे सोडायला मीच आले होते. तू कधी विचारले नाहीस, मी कधी सांगितले नाही. तेव्हापासून तू चार शब्दांची वाक्ये करतोस.

तू ये. मुनशींना पाठवू नकोस, स्वतः ये. नाईकांना विचारले, पुरुष पाहुणा आला तर काय रीत आहे. ते म्हणाले, “बाप्ये ओट्यावर बसतेत, बोलत नाहीत, तमाखू मळतेत. मंग कोनाच्या तरी डोळ्यात धूर जाते.” तेवढे तुला जमेल. मानीबाई कमलिनीचे तुला म्हणून दाखवील. तिच्याजवळ आता कमलिनीचे पुष्कळ आहे, तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त. तू आणखी काही सांगितलेस तर तेही ती त्यात घालील.

वसतिगृहाचे काय करायचे ते इथे येऊन ठरव. मी एक अक्षर काढणार नाही, म्हटले होते. काढत नाही. शोभा काढील.

पाकिटात गव्हाची पाती आहेत. ती शोभाच्या टोपलीतली. माझा गहू शेवटपर्यंत मागेच राहिला. खाली तिने स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत. मी त्यांत काही दुरुस्त केलेले नाही.

तुझी
ताई

बाबा, हा गहू माझा आहे. टोपीत खोचा, हरवू नका.
मले घ्यायले तुम्ही या, पण लवकर नका येऊ, आणि आले की लगेच जाऊ नका.
शोभा